रणगाड्यांच्या मॉडेलचा छंद आणि त्यातून उभा राहिलेला छोटा धंदा: बेळगावात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शहापूरमधल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर बसून मी रणगाड्यांची मॉडेलं करतो. पहिली बरीच वर्षं निव्वळ हौस होती, आता काही वर्षं पैसे घेऊन करतोय. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी येऊन विचारतं, "मलापण हे करायचंय, जमेल काय ओ?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं.

हे म्हणजे खेळण्यातले रणगाडे विकणं का?

नाही. किटाच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले दोन-तीनशे सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. त्यानंतर खरं काम सुरू होतं. खरा रणगाडा नवा कोरा कधीच दिसत नाही, त्यामुळे उडालेला रंग, डिझेलचे ओघळ, साखळीत अडकलेला चिखल, टपावर बसलेली धूळ हे सगळं हातानं करावं लागतं.

सगळ्यात चालणारं माप १:३५, म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग. हा विचित्र आकडा आला कुठून असं प्रत्येकजण विचारतो. टामिया या जपानी कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवर पळणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार धरला, तो मोजून बघितल्यावर साधारण १:३५ भरला. पुढे बाकीच्यांनीही तोच उचलला. या मापात तोफेच्या नळीसकट ९ मीटरचा टी-५५ जवळपास २६ सेंटिमीटर होतो आणि टी-९० सत्तावीसच्या आसपास. शोकेसमध्ये बसतो, पण कपाटाच्या फळीची रुंदी आधी मोजा. हे गमतीनं सांगत नाही. एका गिऱ्हाइकाच्या घरी नळी काचेच्या दारातून बाहेर आली होती.

बेळगावात हे घेणार कोण?

हा प्रश्न मला घरच्यांनीच पहिल्यांदा विचारला होता. उत्तर घराबाहेर रस्त्यावर होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी आणि पलीकडचं चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात माजी सैनिक नाही असं गाव शोधून काढावं लागेल. कॅम्पातून संध्याकाळी चालत गेलात तर चारातले दोघे तरी पाठ ताठ ठेवून चालणारे भेटतात.

मराठा म्हणजे पायदळ, त्यांचा रणगाड्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. पायदळातला माणूस रणगाड्याच्या मागून चाललेला असतो, त्याच्या धुरात खोकलेला असतो, रात्री त्याच्या गरम इंजिनाच्या झाकणावर मेसटिन ठेवून चहा गरम केलेला असतो. शिवाय आपल्याकडची सगळीच पोरं पायदळात गेली नाहीत. कोण आर्मर्डमध्ये, म्हणजे रणगाड्यांच्या पलटणीत, ड्रायव्हर होता, कोण ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, रणगाडे दुरुस्त करायचा. या लोकांना 'एक रणगाडा' नको असतो. त्यांना स्वतःचा रणगाडा हवा असतो.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची मुलं. वडिलांची पंचाहत्तरी, निवृत्तीचा कार्यक्रम, घरभरणी. तिसरं म्हणजे भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकॅडम्या, ज्यांना ऑफिसात टेबलावर ठेवायला काहीतरी लागतं. निव्वळ हौशी संग्राहक आमच्या भागात मोजकेच. ते मुंबई, पुणे, बेंगळुरूला भेटतात, आणि ते स्वतःच मॉडेल करणारे असल्यामुळे चुका काढतात फार, विकत घेतात कमी.

कोणते रणगाडे जास्त मागतात?

वय सांगा, रणगाडा सांगतो. १९७१ बघितलेले सेंच्युरियन आणि टी-५५ मागतात. त्यानंतरचे विजयंता आणि टी-७२. तरुण पोरांना टी-९० म्हणजे भीष्म आणि अर्जुन. १९६५ च्या युद्धावर वाचन असलेले पंजाबातल्या असल उत्तरच्या रणगाडा-लढाईचा देखावा मागतात. तिथं आपल्या बाजूनं थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि एट्थ कॅव्हलरीचे एएमएक्स-१३ होते, समोर पाकिस्तानचे पॅटन. तिथंच पॅटन फोडणाऱ्या अब्दुल हमीद यांची जीप आणि तिच्यावरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन (मागे धक्का न देणारी तोफ) हा विषय तर कधी जुना होत नाही. शाळांकडून येणारी मागणी बहुतेक हीच असते. १९७१ ला बसंतरच्या लढाईत शहीद झालेल्या अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन मी चार वेळा केलाय, आणि प्रत्येक वेळी ती अक्षरं लिहिताना हात जरा जपून चालतो.

जर्मन टायगर, पँथर मॉडेलवाल्यांचे लाडके. बेळगावात मी आजवर एकच टायगर विकला, तोही एका डॉक्टरांना.

माहिती किती बारकाईनं लागते? थोडं इकडंतिकडं झालं तर कळतं कुणाला?

याचं उत्तर मला पहिल्या मोठ्या ऑर्डरनं दिलं. खानापूरकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन सांगितला होता. महिनाभर खपून केला. नळी बरोबर, बाजूच्या पत्र्यांवरचे पोचे बरोबर, खुणांची अक्षरं बरोबर. चिखल खरा वाटावा म्हणून जांबोटी रस्त्याकडेची माती आणली, चाळली, तव्यावर भाजली, पिठूळ करून गममध्ये कालवून साखळ्यांना लावली. फोटो काढले तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला.

सुभेदार आले, खिडकीशी नेऊन मॉडेल डोळ्यांसमोर धरलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग साखळीवर अंगठ्याचं नख टेकवलं. "काम एक नंबर झालंय. खरं ही माती आमच्या जांबोटीची की ओ. तिकडं अशी लाल नव्हती. करडी माती. वाळली म्हणजे पिठासारखी उडायची, तोंडात जायची."

मी गप्प. एवढी पुस्तकं चाळली, फोटो बघितले, आणि माती मात्र घरची लावली. पुन्हा सगळं धुऊन काढायला तीन दिवस गेले, त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी नंतर दोन गिऱ्हाइकं पाठवली. तेव्हापासून माडीवर माझ्याकडे फिल्मच्या जुन्या डब्यांची एक ओळ आहे, प्रत्येकीवर चिठ्ठी: खानापूर लाल, अथणी काळी, पंजाब करडी, राजस्थान वाळू. पंजाबची माती तिकडून सुट्टीवर आलेल्या एका जवानानं रुमालात बांधून आणून दिली. आता ऑर्डर घेताना माझा पहिला प्रश्न 'कुठला रणगाडा' हा नसतो. 'कुठं होता आणि कोणत्या महिन्यात' हा असतो.

ज्यांना खरे रणगाडे बघायचेत त्यांनी अहिल्यानगरचं, म्हणजे अहमदनगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम बघावं. ते १९९४ मध्ये सुरू झालं. पुण्यापुढे जावं लागतं, पण विजयंताच्या बाजूला उभं राहिल्यावर पत्र्याचा जोड कुठे आहे आणि हातानं झालेली वेल्डिंग किती ओबडधोबड असते, ते फोटोत कधीच कळत नाही. आणि बेळगावच्या कॅम्पात कुठेही मोबाइल काढून फोटो मारत बसू नका. लष्करी भाग आहे, पाटी वाचा, विचारा, मग काढा.

किंमत कशी लावायची?

इथं बहुतेकजण मरतात. मीही मेलो होतो. पहिलं मॉडेल विकलं ४,००० रुपयांना. किट २,८०० चं, रंग-बेस वगैरे ७०० चं. हातात राहिले ५००. खूश होतो. मग बायकोनं विचारलं, "किती तास बसला होता त्याला?" मोजले तर ५२. म्हणजे तासाला दहा रुपयेसुद्धा नाहीत. आमच्या गल्लीत फुलं ओवणारी मावशी माझ्यापेक्षा जास्त मिळवत होती.

त्या दिवसापासून टेबलाच्या खणात एक शाळेची वही आहे. बसलो की वेळ, उठलो की वेळ. गम वाळण्याची वाट बघत चहा प्यालो तर तो वेळ धरत नाही, पण गिऱ्हाइकाला फोनवर रंग समजावून सांगितले तर धरतो. मोजणी अशी करायची, आकडे उदाहरणादाखल: किट ३,५००, रंग, डेकल (पाण्यानं चिकटवायची चिन्हं), पिगमेंट (रंगीत भुकटी) ६००, लाकडी बेस आणि अ‍ॅक्रिलिकचं कव्हर १,४००, पॅकिंग ३००. झाले ५,८००. काम ४० तास, तासाला १५० धरले तर ६,०००. एकूण ११,८००. त्यावर मोडतोड, वीज, सुया-ब्लेड यांच्यासाठी दहा टक्के घातले की जवळपास १३,०००.

आकडा ऐकून समोरचा म्हणणार, "एवढ्यात टीव्ही येतोय की." येतोय. त्याला टीव्ही घेऊ द्या. भाव पाडून केलेल्या प्रत्येक कामाचा राग शेवटी त्या मॉडेलवर निघतो, आणि तो दिसतो.

खरा पैसा मला मोठ्या मॉडेलांत मिळालाच नाही, हेही सांगतो. तो १:७२ मध्ये मिळाला. टी-९० या मापात १३ सेंटिमीटरचा होतो, टेबलावर पेन-स्टँडच्या शेजारी बसतो. सहा एकदम करायला घेतो: एका दिवशी सहांची चाकं, एका दिवशी सहांचा प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. एकेकाला वेगळा बसलो असतो तर जेवढा वेळ गेला असता, त्याच्या निम्म्यात होतं. निवृत्तीच्या भेटी, अकॅडमीची बक्षिसं, सगळं यात जातं. मोठी मॉडेलं नाव करतात, छोटी घर चालवतात.

सुरुवातीला भांडवल किती लागेल?

तुम्ही आधीपासून मॉडेलं करत असाल तर फारसं नाही. एअरब्रश (हवेनं रंग फवारायचं पेन) आणि त्याला हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर ही एकच मोठी खरेदी. कॉम्प्रेसर टाकीवाला घ्या, तीन लिटरची टाकी असली तरी वीज गेल्यावर हातातला थर पूर्ण करता येतो. बिनटाकीचा घेतला तर वीज गेली की रंग तिथंच थुंकतो. बाकी साइड कटर, क्राफ्ट नाइफ, ४०० ते १,००० नंबरचा वॉटर पेपर, चिमटे, आणि डोक्याला लावायचं भिंग. चाळिशीनंतर भिंगाची लाज बाळगू नका.

एका गोष्टीवर काटकसर करू नका: मास्क. लॅकर थिनर मारताना कापडी मास्क म्हणजे शोभा. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर हवा, आणि खिडकीत एक्झॉस्ट फॅन. रेझिनचे (साच्यात ओतलेल्या कडक प्लॅस्टिकचे) भाग घासायचे तर पाण्यात घासा, ती भुकटी श्वासातून जाता कामा नये.

कर्ज काढू का?

पहिल्या वर्षी नको. अगदीच लागलं तर मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत तारणाशिवाय मिळतं. बँकेत कोटेशन न्या, आणि 'रणगाडा' शब्द जरा उशिरा उच्चारा. माझ्यासमोरच्या साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं होतं. 'हस्तनिर्मित शोभेच्या वस्तू' म्हटल्यावर पुढं सरकलं.

किट इतके महाग का झाले?

परदेशी खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. लहान मापाची मॉडेलंही त्याच खात्यात मोडतात. त्यामुळे परदेशातून एकेक किट मागवणं म्हणजे पोस्टमननं दारात हातात दिलेल्या चिठ्ठीकडे बघून घाम फुटणं. मी आता मुंबई-बेंगळुरूच्या आयातदार दुकानदारांकडून चार-पाच किट एकदम घेतो आणि गिऱ्हाइकाचे आगाऊ पैसे आल्याशिवाय घेत नाही. पूर्वी 'लागेल कधीतरी' म्हणून साठवलेली किटं अजून पलंगाखाली आहेत.

पावसाळ्यात काम चालतं का?

जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे वाळत नाहीत, तिथं रंगाचं काय घेऊन बसलात. दमट हवेत लॅकर मारला की पांढरट धुकं धरतं, मॅट वार्निशवर तर पिठी पडल्यासारखी दिसते. एका जुलैत अख्खा टी-७२ असा आजारी पडला. वार्निश पुन्हा थिनरनं ओला करून वाचवला, पण दोन रात्री झोप गेली.

आता मी वर्षाची विभागणीच तशी केली. पावसाळ्यात कापणं, घासणं, चिकटवणं, साखळ्यांच्या कड्या जोडणं. रंग दसऱ्यानंतर. मध्येच तातडीचं काम आलं तर जुन्या लाकडी पेटीत ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून तिच्यात मॉडेल वाळवतो. डेकल आणि पिगमेंटच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, नव्या बुटांच्या खोक्यातल्या. या कारणानंच मी कुणाला गणपतीच्या आधीची तारीख देत नाही. दिली तर पाळता येत नाही, आणि बेळगावात तारीख चुकली की पुढच्या गल्लीत आधी कळतं.

थ्री-डी प्रिंटर घ्यावा का?

घेतलात तर चांगलं, न घेतलात तरी चालतं. सुटे भाग, सैनिकांची डोकी, जेरीकॅन, रेडिओच्या अँटेनाचे पाय यासाठी रेझिन प्रिंटरचा उपयोग होतो. फक्त दोन गोष्टी. नेटवरून उतरवलेल्या फायलींपैकी बऱ्याच 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असतात. त्यावरून केलेला भाग विकणं चोरी आहे. आणि दुसऱ्या कंपनीच्या रेझिन भागाचा साचा घेऊन त्याच्या नकला ओतणं तर सरळसरळ चोरी. मॉडेलवाल्यांचं जग छोटं आहे, एकदा नाव खराब झालं की संपलं.

नळीचं काम तुम्ही धातूत करता असं ऐकलं. कसं?

उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीमुळे. बेळगावात लेथ आणि फाउंड्रीवर हात बसलेली माणसं किती आहेत हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. प्लॅस्टिकच्या दोन अर्ध्या नळ्या चिकटवल्या की मध्ये शिवण राहते, घासली की गोलाई जाते. म्हणून मी पितळेची नळी टर्न करून घ्यायचं ठरवलं.

हिशेब सोपा आहे. विजयंताच्या १०५ मिलिमीटर तोफेचं तोंड १:३५ मध्ये बरोबर ३ मिलिमीटर. टी-५५ ची १०० मिलिमीटर म्हणजे २.८६. टी-७२ आणि टी-९० ची १२५ म्हणजे ३.५७. चित्र घेऊन एका शेडमध्ये गेलो. तिथले मामा हायड्रॉलिकचे पार्ट करणारे. कागद उलटसुलट करून म्हणाले, "हे एवढंसंच? ह्यात माझं ड्रिलसुद्धा बसत नाही." मी म्हटलं, तोंडाशी थोडं खोल केलं तरी पुरे, आत कुणी गोळा घालणार नाही. हसले आणि दुसऱ्या दिवशी चार नमुने केले. चौथा नमुना अजून मी कुणाला विकला नाही. पितळेचा तो तुकडा टेबलावर पेपरवेट म्हणून आहे, नळीच्या तोंडाची कड ब्लेडसारखी पातळ आणि एकसारखी.

एका नगासाठी कुणी मशीन लावत नाही, हे ध्यानात ठेवा. पन्नास घेतले की नगाचा भाव उतरतो. उरलेल्या नळ्या मी इतर मॉडेलवाल्यांना विकतो, आणि आता हा माझा वेगळाच बारका धंदा झालाय. मॉडेलपेक्षा कमी कटकटीचा.

परवाने आणि कर यांचं काय? बेळगावात राहून कोल्हापूरला माल पाठवला तर?

सीमाभागातल्या माणसानं हे नीट समजून घ्यावं, कारण इथंच गाडी अडकते. राज्याच्या आत मालाची विक्री वर्षाला ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण माल राज्याबाहेर विकला की सर्वसाधारण नियमानुसार उलाढाल कितीही किरकोळ असो, नोंदणी लागते. शिनोळी बेळगावहून मोटरसायकलवर जाता येईल एवढी जवळ, पण ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, म्हणजे परराज्यात. कोगनोळीचा नाका ओलांडला की तेच. आपली सोयरीक पलीकडे, बाजार पलीकडे, पण पावतीवर ते परराज्य.

यात एक फट आहे, कायदेशीर. गिऱ्हाइकानं स्वतः किट विकत घेऊन तुमच्याकडे दिलं आणि तुम्ही फक्त जोडून-रंगवून दिलं, तर ती सेवा. सेवा देणाऱ्याला राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकासाठीही २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. मी पहिली दोन वर्षं कोल्हापूर-पुण्याची कामं अशीच केली. कम्पोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, शिरायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, तिच्यात राज्याबाहेर माल विकताच येत नाही. एकदा सीएकडे बसा आणि तुमचा बेत सांगून विचारा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर ऑनलाइन होते. कुणी त्याचे हजार रुपये मागितले तर उठून या. दुकान थाटलं तर महानगरपालिकेचा ट्रेड लायसन्स आणि कामगार खात्याची नोंदणी लागते. पाटीवर २०२४ च्या कायद्याप्रमाणे ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या अर्ध्यात. आपल्या मनात काय येतं ते आपण चहाच्या टपरीवर बोलू. पाटी करताना रंगाऱ्याला माप आधी सांगा, म्हणजे दोनदा पैसे जात नाहीत. मी दुकान टाकलंच नाही.

लहान मुलांची खेळणी म्हणून विकली तर जास्त खपतील ना?

खपतील, आणि अडचणीतही याल. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी केलेल्या वस्तूला १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा आहे. आपलं काम मोठ्यांच्या संग्रहासाठी आहे, तसंच ते करा, तसंच विका. टोकदार अँटेना आणि सुटे पडणारे भाग असलेली वस्तू पोरांच्या हातात द्यायचीच नसते.

बेसवर तिरंगा, अशोकस्तंभ, रेजिमेंटचं चिन्ह लावू का?

गिऱ्हाईक हटकून मागतं. राष्ट्रध्वज आणि राजमुद्रा धंद्यासाठी वापरण्यावर १९५० च्या चिन्हं व नावं कायद्याची बंधनं आहेत, राजमुद्रेसाठी २००५ चा वेगळा कायदाही आहे. माझ्या लोगोत, खोक्यावर, कार्डावर यातलं काही नाही. रणगाड्यावर प्रत्यक्षात ज्या खुणा होत्या तेवढ्याच मॉडेलवर येतात. बेसवर पितळी पट्टीत रणगाड्याचं नाव, ठिकाण, साल. तेवढं पुरतं, आणि दिसतंही चांगलं.

पार्सल न मोडता पोचतं कसं?

रणगाड्याचा वैरी त्याची स्वतःची नळी. पाठवताना सगळ्यात आधी तीच मोडते. मॉडेल बेसला खालून दोन स्क्रूनं आवळायचं, बेस आतल्या खोक्याच्या तळाला आवळायचा, नळीच्या टोकाशी फोमचा तुकडा, पण टेकलेला नाही, बोटभर अंतरावर. आतलं खोकं बाहेरच्या खोक्यात, मध्ये चहूबाजूंनी तीन इंच थर्माकोलचे दाणे. 'फ्रॅजाइल' लिहिण्यापेक्षा 'काच' लिहा, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. एका कुरिअरनं माझा शर्मन उलटा ठेवून चार दिवस गोडाऊनमध्ये ठेवला होता, नुकसानभरपाई मागितली तर पावतीमागची बारीक अक्षरं दाखवली. तेव्हापासून मी विमा उतरवतो आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढतो.

कोल्हापूरला मी बसमधून पाठवायचो, स्वस्त पडायचं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या. धंदा करणाऱ्यानं एकाच वाटेवर राहू नये. आता ओळखीच्या भाजीवाल्याचा टेम्पो हाही माझा एक मार्ग आहे, आणि खरं सांगतो, आजवर त्याच्या गाडीत एकही नळी मोडली नाही.

आगाऊ पैसे मागायला लाज वाटते. काय करू?

अर्धे आधी, त्यातून किट. रंग चढायच्या आधी फोटो पाठवून उरलेल्यातले निम्मे. शेवटचे हातात देताना. नातेवाइकांना हाच नियम. 'आपला माणूस' हा शब्द ऐकला की मी दहा टक्के वाढवतो, मग दहा टक्के कमी करतो. दोघेही खूश.

पोरांचे क्लास घेता का?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस. रणगाडे नाही, किल्ले. आपल्याकडे अंगणात मातीचा किल्ला असतोच. राजहंसगड डोळ्यांसमोर आहे, पोरं तोच करतात. मी त्यांना दगडाचा रंग कसा चढवायचा, गवतासाठी लाकडाचा भुसा कसा रंगवायचा, मावळ्यांच्या बाहुल्यांना सावली कशी द्यायची ते दाखवतो. फी थोडीच घेतो. त्यातली दोन पोरं आता शनिवारी येऊन १:७२ ची चाकं रंगवून देतात, नगावर पैसे. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी मंडळांची छोटी कामंही याच ओळखीतून येतात.

नोकरी सोडू का?

मी सोडली नाही. सकाळी नोकरी, संध्याकाळी माडी. वही सहा महिने इमानदारीनं लिहा, मग महिन्याला किती तास विकले गेले आणि कितीला गेले ते बघा. तो आकडा पगाराशी ताडून बघा, आणि पावसाळ्याचे चार महिने विसरू नका.

स्वतःसाठी आता काही करता का?

एक विजयंता. त्याचं किट सहज मिळत नाही, म्हणून सेंच्युरियनच्या उरलेल्या भागांवर प्लॅस्टिकच्या शीटमधून बाकीचं कापून उभा करतोय. सुभेदारांनी दोनदा भाव विचारला. सांगितलं, हा वहीत नाही. "मग माती कुठली लावणार?" म्हणाले. अजून ठरलं नाही. साखळ्यांच्या कड्या निम्म्या झाल्यात, उरलेल्या या पावसाळ्यात.